माझगांवची गोदी आणि फुप्फुसाची साक्ष

माझगांव म्हटलें कीं जुन्या मुंबईकराला दोन गोष्टी आठवत : आंबे आणि गोदी. आंब्यांची झाडें केव्हांच गेलीं, गोदी राहिली. १७७४ सालीं येथें एक लहानशी सुकी गोदी बांधण्यांत आली. पुढें ती पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या आगबोट-कंपन्यांच्या हातीं गेली, १९३४ सालीं तिची रीतसर मर्यादित कंपनी झाली आणि १९६० सालीं भारत सरकारनें ती आपल्या ताब्यांत घेतली. १९७२ सालीं नौदलांत दाखल झालेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका याच गोदींत बांधलेली. तिच्या मागून त्याच वर्गाच्या आणखी पांच नौका १९८१ पर्यंत येथूनच समुद्रावर गेल्या. हा इतिहास अभिमानाचा आहे आणि तो वारंवार सांगितला जातो. मला आज सांगावयाचा आहे तो त्याच्या पोटांतला एक लहानसा, पण अवघड इतिहास. गोदींत किंवा कारखान्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाचा श्वास म्हातारपणीं कोंडूं लागला, तर तो कामामुळेंच कोंडला हें कोणीं आणि कसें सिद्ध करावयाचें, त्याचा हा इतिहास आहे.

आगबोट म्हणजे पाण्यावर तरंगणारें चुलाणच. बॉयलरमधून निघालेली वाफ नळ्यांनळ्यांतून यंत्रापर्यंत जातांना थंड होऊं नये, आणि नळीला हात लागून माणूस भाजूं नये, म्हणून त्या नळ्यांवर जाड वेष्टन घालावें लागे. या कामाला जगांतील बहुतेक गोद्यांनीं वर्षानुवर्षें जो पदार्थ वापरला तो ॲस्बेस्टॉस. हा दगडच, पण विलक्षण दगड. तो कुटला कीं कापसासारखे तंतू सुटतात. त्यांचें सूत काढतां येतें, कापड विणतां येतें, पाण्यांत कालवून लेप देतां येतो, आणि इतकें करूनहि तो जळत नाहीं. जहाज दुरुस्तीस आलें म्हणजे प्रथम हें जुनें वेष्टन हातोड्यानें फोडून काढावयाचें, मग नळी दुरुस्त करावयाची, मग नवें वेष्टन चढवावयाचें. जहाजाच्या तळांतील यंत्रशाळा कोंदट. वारा नाहीं, उजेड बेताचा. वेष्टन फोडणारा एकटा असे; परंतु त्याच हवेंत फिटर, बॉयलरवाले, सुतार आणि रंगारी असे सगळेच श्वास घेत.

हे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसाच्या खालच्या भागांत जाऊन बसतात. भरलेल्या जखमेची कातडी निबर व्हावी तसें फुप्फुस हळूहळू निबर होत जातें. स्पंजाचें जणूं चामडें होतें. या विकाराचें नांव ॲस्बेस्टॉसिस. त्याखेरीज फुप्फुसाचा कर्करोग, आणि फुप्फुसावरील अथवा पोटांतील पातळ आवरणाला होणारा मेसोथेलिओमा नांवाचा अत्यंत घातक कर्करोग, हे त्याचे दोन सोबती. मुख्य अडचण अशी कीं धूळ आंत जाणें आणि रोग बाहेर दिसणें यांत वीस, तीस, कधीं चाळीस वर्षांचें अंतर पडतें. पंचविशींत नळ्या लिंपलेला माणूस साठीच्या घरांत धापा टाकूं लागतो. तोंपर्यंत नोकरी संपलेली असते, मुकादम वारलेला असतो आणि हजेरीपट वाळवीनें खाल्लेला असतो. अशा वेळीं तो स्वतः, किंवा त्याच्या मागें त्याची विधवा, नुकसानभरपाई मागावयास गेली तर साक्षीदार आणावयाचा कोठून? कित्येकदां एकच साक्षीदार उरतो, आणि तो त्याच्या छातींत असतो. त्याला बोलता करण्याचें काम विकृतिशास्त्रज्ञाचें. म्हणजे रोगानें शरीराच्या घटकांत काय फरक केला हें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून सांगणाऱ्या वैद्याचें. हा साक्षीदार न्यायासनापुढें प्रथम केव्हां आला, त्याच्यावर विश्वास कितपत ठेवला गेला, आणि आमच्या मुंबईंत तो क्वचितच कां येऊं शकला, हें श्रोत्यांपुढें मांडण्याचा विचार आहे.

प्रथम कायद्याची गोष्ट. आपल्याकडील कामगार-नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. तो १ जुलै १९२४ रोजीं अंमलांत आला. त्याचें घराणें इंग्रजी. यंत्रांत हात सांपडला किंवा शिडीवरून माणूस पडला तर प्रश्न सरळ असतो. अपघाताला तारीख असते, वेळ असते, पाहणारे असतात. रोगाला यांतलें कांहींच नसतें. म्हणून इंग्लंडांतील १९०६ च्या कायद्यानें एक तोड काढली : ठराविक धंदे आणि ठराविक रोग यांची यादी करावयाची. शिसें, पारा, फॉस्फरस, सोमल यांची विषबाधा, अँथ्रॅक्स आणि आंतड्यांतील एक कृमिरोग एवढ्यांनीं ती यादी सुरू झाली. यादींतला रोग यादींतल्या धंद्यांतील माणसाला झाला, तर तो धंद्यामुळें झाला असें गृहीत धरावयाचें. आमच्या कायद्यानेंहि हीच पद्धत उचलली. यादींत नांव असणें हें यामुळें फार मोलाचें झालें, आणि यादींत नांव नसणें म्हणजे दार बंद.

ॲस्बेस्टॉसचें नांव त्या यादींत घालावें कीं नाहीं हा प्रश्न अगदीं आरंभींच निघाला होता. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयांत १८९९ सालीं डॉ. माँटेग्यू मरे यांच्याकडे तेहतीस वर्षांचा एक कामगार आला. चौदा वर्षें त्यानें ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काढलीं होतीं. त्यांपैकीं पहिलीं दहा तंतू पिंजण्याच्या खोलींत. त्या खोलींत आपल्याबरोबर काम करणाऱ्या दहा जणांपैकीं आपण एकटेच जिवंत आहों, असें त्यानें सांगितलें. पुढल्या वर्षीं तो वारला. शवविच्छेदनांत फुप्फुसें निबर झालेलीं दिसलीं व त्यांत ॲस्बेस्टॉसच्या काड्या सांपडल्या. १९०६ सालीं औद्योगिक रोगांच्या भरपाईसंबंधीं जी सरकारी समिति बसली, तिच्यापुढें मरे यांनीं ही हकीकत सांगितली. एक प्रेत, एक डॉक्टर आणि मृत माणसाचा एक शब्द, एवढा हा पुरावा होता. तोहि मरे यांनीं फारसा ताणला नाहीं. आतां काळजी अधिक घेतली जाते, तेव्हां असे रोगी कमी होतील, अशी आशा त्यांनींच बोलून दाखविली. समितीनें ॲस्बेस्टॉस यादींत घातला नाहीं. माझ्या मतें या सगळ्या इतिहासांतील सर्वांत महाग पडलेली आशा ती हीच. दहांपैकीं नऊ कोठें गेले, याचा शोध घेण्यास तेव्हां हजेरीपट पुरेसा होता, आणि तो कोणी मागितला नाहीं.

अठरा वर्षांनीं पुन्हां एक प्रेत बोललें, आणि या वेळीं जास्त स्पष्ट बोललें. लँकेशायर परगण्यांतील रॉचडेल गांवीं नेली कर्शॉ नांवाची एक बाई टर्नर ब्रदर्स यांच्या कारखान्यांत ॲस्बेस्टॉसचें सूत काढीत असे. लहानपणींच ती या धंद्यांत आलेली. १९२२ सालीं तिला काम करणें अशक्य झालें. गांवच्या डॉक्टरनें दाखल्यावर ‘ॲस्बेस्टॉसची विषबाधा’ असें लिहिलें, आणि या एका शब्दानें तिची दोन्हीं बाजूंनीं कोंडी झाली. आजारपणाचा भत्ता देणाऱ्या विमासंस्थेनें म्हटलें, हा धंद्याचा रोग आहे, तेव्हां भरपाई मालकानें द्यावी. मालकानें म्हटलें, असा रोग यादींत नाहीं, तेव्हां आम्ही देणें लागत नाहीं. १४ मार्च १९२४ रोजीं, तेहतिसाव्या वर्षीं, ती वारली. जवळ पैसा नसल्यामुळें तिच्या थडग्यावर नांवाचा दगडहि बसला नाहीं.

मृत्यूच्या कारणाविषयीं वाद आहे असें दिसल्यावर कॉरोनरनें चौकशी बसविली, आणि फुप्फुसें तपासण्याचें काम विगन येथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. डब्ल्यू. ई. कुक यांच्याकडे आलें. त्यांना फुप्फुसांत जुन्या क्षयाच्या खुणा सांपडल्या. येथें प्रकरण संपूं शकलें असतें. गरीब बाई, क्षयाच्या खुणा, धुरकट गिरणगांव : क्षयानें मेली म्हणून कोणीहि सही केली असती. कुक यांनीं तसें केलें नाहीं. क्षयाच्या खुणांहून निराळा असा दाट, पसरलेला तंतुमय निबरपणा त्यांना दिसला आणि त्यांत अणकुचीदार खनिज कण दिसले. मग त्यांनीं कारखान्यांतील ॲस्बेस्टॉसची धूळ घेतली, ती सूक्ष्मदर्शकाखालीं शेजारीं ठेवली आणि दोहोंचा आकार-प्रकार ताडून पाहिला. दोन्हीं जुळलीं. मृत्यूच्या दाखल्यावर ‘खनिज कण श्वासाबरोबर गेल्यामुळें फुप्फुसांस आलेला तंतुमय कठीणपणा’ असें कारण नोंदलें गेलें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकांत कुक यांनीं ही हकीकत प्रसिद्ध केली, आणि १९२७ सालीं त्याच पानांवर या रोगाला त्यांनीं जें नांव वापरलें तेंच आज सर्व जगांत चालतें.

नेलीच्या नवऱ्याला भरपाई मिळाली काय? नाहीं. रोग यादींत नव्हता. सूक्ष्मदर्शकानें खटला जिंकला, पण जिंकलेल्या खटल्याचा हुकूमनामा बजावण्यास कायदाच नव्हता. तथापि ही एक गोष्ट वैद्यकीय ग्रंथांत शिरली ती शिरलीच. डॉ. मेरेवेदर हे सरकारी वैद्यकीय निरीक्षक या कामावर नेमले गेले. (मुंबईच्या बंदरांत याच आडनांवाची सुकी गोदी १८९१ पासून आहे, ते मेरेवेदर अर्थात् निराळे.) त्यांनीं ३६३ कामगार तपासले, त्यांपैकीं ९५ जणांचीं फुप्फुसें निबर होऊं लागलेलीं आढळलीं. १९३० सालीं हा अहवाल निघाला, १९३१ सालीं धुळीसंबंधीं नियम झाले, आणि ॲस्बेस्टॉसिस भरपाईच्या योजनेंत आला. वैद्यकीय मंडळ नेमलें गेलें. कामगार मेला तर त्याचीं फुप्फुसें त्या मंडळाच्या तज्ज्ञांनीं तपासावयाचीं अशी पद्धत पडली.

मात्र ते नियम कारखान्यांतील ठराविक प्रक्रियांपुरतेच होते. पिंजणारा, कांतणारा, विणणारा त्यांत आला. जहाजांच्या नळ्यांवर तोच पदार्थ लिंपणारा बहुतेक बाहेर राहिला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत गोद्यांतील काम दसपट वाढलें, तेव्हां अमेरिकन नौदलाच्या गोद्यांत एक पाहणी झाली. १,०७४ नळी-लिंपणारे तपासले. रोगी सांपडले तीन. १९४६ सालीं निष्कर्ष छापला गेला कीं हा धंदा धोक्याचा नाहीं. मोठ्या आंकड्यांचा दरारा असतो, आणि या आंकड्यानें गोदीच्या मालकांना पुढें कित्येक वर्षें सुखानें झोंप दिली. वास्तविक त्या हजारांपैकीं शेंकडा ९५ लोकांना त्या कामावर दहा वर्षेंहि झालीं नव्हतीं. आणि जे तिघे सांपडले ते तिघेहि वीस वर्षांवरचे होते. पेरणीनंतर आठ दिवसांनीं शेतांत जाऊन पीक आलें नाहीं म्हणून बियाणें वांझ ठरविण्यासारखाच हा प्रकार. न्यूयॉर्कच्या डॉ. सेलिकॉफ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९६४ सालीं वेष्टनाचें काम करणाऱ्या जुन्या कामगारांची खरी स्थिति प्रसिद्ध केली, तेव्हां तो भ्रम मोडला. त्यांच्या बरोबरीचे डॉ. चुर्ग हे विकृतिशास्त्रज्ञच होते.

हे वैद्य सूक्ष्मदर्शकाखालीं नेमकें पाहतात तरी काय? आंत गेलेला तंतु लांब असला कीं त्याला गिळावयास आलेल्या शरीराच्या रक्षक पेशींना तो पुरता गिळतां येत नाहीं. मग त्या त्याच्यावर लोह आणि प्रथिनें यांचीं पुटें चढवितात. कालांतरानें तो तंतु सोनेरी तपकिरी रंगाचा, टोकांस फुगलेला, मण्यांच्या माळेसारखा दिसूं लागतो. लोह असल्यामुळें विशिष्ट रंगद्रव्य घातलें कीं तो निळा होऊन उठून दिसतो. याला ॲस्बेस्टॉस-पिंड म्हणतात. मार्शाँ नांवाच्या संशोधकास १९०६ सालींच हीं चमत्कारिक रूपें दिसलीं होतीं, परंतु तीं काय आहेत याचा उलगडा त्याला झाला नाहीं. निबर झालेल्या फुप्फुसांत हे पिंड सांपडले, कीं विकृतिशास्त्रज्ञ शपथेवर सांगूं शकतो : हा माणूस या धुळींत राहिला होता. मुकादम वारला तरी हरकत नाहीं.

विकृतिशास्त्राच्या साक्षीनें याहूनहि मोठें काम केलें तें मेसोथेलिओमाच्या बाबतींत. हा कर्करोग इतका विरळ कीं तो आहे कीं नाहीं याविषयींच एकेकाळीं विद्वानांत दुमत होतें. दक्षिण आफ्रिकेंतील तरुण विकृतिशास्त्रज्ञ डॉ. ख्रिस वॅग्नर यांच्या टेबलावर असे अर्बुद एकामागून एक येऊं लागले, तेव्हां त्यांनीं रोगी कोठले याची विचारपूस केली. बहुतेक एकाच भागांतले निघाले, जेथें निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. १९६० सालीं त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येक खाणींत कधीं कामास गेले नव्हते. केवळ बालपण त्या गांवांत गेलें होतें. पांच वर्षांनीं लंडनमध्यें न्यूहाउस आणि टॉमसन या दोघांनीं एका रुग्णालयाच्या विकृतिविभागांतील जुनीं कागदपत्रें उकरून ७६ रोग्यांचें पूर्वायुष्य शोधलें. निम्म्याहून अधिकांचा ॲस्बेस्टॉसशीं कामामुळें किंवा घरामुळें संबंध आलेला होता. घरामुळें म्हणजे काय? नऊ रोगी असे होते कीं त्यांच्या घरांतील कोणी तरी कारखान्यांत जात असे, आणि बहुतेक जणी त्याचे धुळीनें माखलेले कपडे झटकून धूत असत. अशा बायकांचें नांव कोणत्या हजेरीपटांत असणार? त्यांच्यासाठीं बोलणारा साक्षीदार सूक्ष्मदर्शकाखालची कांच, एवढाच होता.

आतां आपण माझगांवास परत येऊं. ज्या संस्थेमुळें नेली कर्शॉची फुप्फुसें कुक यांच्या टेबलावर गेलीं ती कॉरोनरची संस्था मुंबईस नव्हती असें नाहीं. हिंदुस्थानांत १८७१ च्या कायद्याखालीं मुंबई आणि कलकत्ता या शहरांत ती होती, आणि मुंबईच्या कॉरोनरचें न्यायालय भायखळ्यास जे. जे. रुग्णालयाच्या आवारांत, माझगांवच्या उंबरठ्यावर, होतें. १९९९ सालीं तें बंद झालें. विकृतिशास्त्रज्ञांचीहि वाण नव्हती. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासूनचें. आणि १९४१ सालीं परळला टाटा स्मारक रुग्णालय निघालें, त्याच्या प्रयोगशाळा ज्यांनीं उभ्या केल्या त्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात. न्यायालय जवळ, प्रयोगशाळा जवळ, गोदी जवळ; तरी फुप्फुस मात्र टेबलावर येईना.

याचीं कारणें पाहूं लागलें तर तीं कायद्यांत थोडीं आणि संसारांत फार आहेत. कॉरोनरपुढें प्रेत जावयाचें तें अपघाताचें, खुनाचें, आत्महत्येचें किंवा अचानक व अज्ञात कारणानें झालेल्या मृत्यूचें. दहा वर्षें धापा टाकून अंथरुणांत मेलेल्या माणसांत अचानक काय आहे? दुसरें असें कीं, मुंबईच्या गोद्यांतून आणि गिरण्यांतून राबणारा माणूस पुष्कळ वेळां रत्नागिरीचा, सिंधुदुर्गाचा किंवा घाटावरचा. नोकरी संपली, फंडाचे पैसे हातीं आले, कीं तो गांवीं जातो. रोगाची मुदत वीस-तीस वर्षांची. तेव्हां छातींतला साक्षीदार बोलावयास लागतो तेव्हां माणूस राजापूर-लांज्याच्या एखाद्या वाडींत असतो, जेथून तालुक्याचें रुग्णालय गांठतांनाच त्याचा श्वास संपावयाचा. गेला कीं त्याच दिवशीं अग्नि द्यावयाचा. शवविच्छेदन हा शब्द त्या घरांत उच्चारणें म्हणजे दुःखावर डागणी. ‘बापाची चिरफाड करूं देणार नाहीं’ असें म्हणणाऱ्या मुलाला अडाणी म्हणणें सोपें आहे. मला तें म्हणवत नाहीं. त्या मुलाला कोणीं सांगितलेलेंच नसतें कीं त्या फुप्फुसांत त्याच्या आईचा हक्क आहे.

आणि तिसरें कारण क्षय. खोकला, क्षीणता, दम, एक्स-रेवर सावल्या : मुंबईच्या कामकरी वस्तींत याचें एकच नांव घेतात आणि एकच औषध देतात. क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागांत घर करतो, ॲस्बेस्टॉसिस खालून सुरू होतो. बोटांचीं टोकें फुगतात, पाठीला कान लावला तर श्वासाबरोबर कुरकुर ऐकूं येते. पण गर्दीच्या दवाखान्यांत ‘तुम्ही काय काम करीत होतां?’ हा प्रश्न विचारावयास सवड कोणाला? कुक यांना क्षयाच्या खुणा दिसूनहि ते तेथें थांबले नाहींत, म्हणून रोग सांपडला. आमच्याकडे शेंकडों जण त्या खुणेपाशींच थांबले असावेत.

कायदा मात्र हळूहळू पुढें येत होता. १९२३ ची यादी मूळची आखूड. पुढें तींत ॲस्बेस्टॉसिस आला, ॲस्बेस्टॉसमुळें होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमाहि आले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टांतहि तीं नांवें आहेत. या बाबतींत आमचा जुना कायदा एका ठिकाणीं इंग्रजांच्याहून शहाणा होता असें मला वाटतें. फुप्फुसांतला तंतु कोणत्या मालकाच्या घरचा हें कोणताहि सूक्ष्मदर्शक सांगूं शकत नाहीं; आणि गोदीचा कामगार आज या कंत्राटदाराकडे, उद्यां त्या. इंग्लंडांत याच अडचणीवर दावे बुडत होते. २००२ सालीं तेथील उमराव-सभेनें फेअरचाइल्ड खटल्यांत निकाल दिला कीं, मेसोथेलिओमाच्या बाबतींत, ज्यानें ज्यानें धोका वाढविला तो प्रत्येक मालक जबाबदार. आमच्या कायद्यांत, अशा धुळीच्या रोगांपुरती, अनेक मालकांनीं कमिशनर ठरवील त्या प्रमाणांत भार वांटून घ्यावयाचा, अशी तरतूद पोटकलमानें आधींच घातलेली होती. पण वापरावयास दावाच येत नसेल तर शहाण्या कलमाचा उपयोग काय?

२७ जानेवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या विषयावरील आपला प्रसिद्ध निकाल दिला. अहमदाबादच्या एका ग्राहक-संस्थेनें १९८६ सालीं केलेला हा अर्ज. कामगाराचें आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असें न्यायालयानें म्हटलें. तपासणींत ॲस्बेस्टॉसचा रोगी ठरेल त्याला एक लाख रुपये द्यावेत, असा हुकूम केला. आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून ४० वर्षें किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षें, यांत जें नंतर येईल तोंपर्यंत, जपून ठेवावी असें बजावलें. एक लाखाच्या आंकड्याची चर्चा फार झाली. माझ्या दृष्टीनें चाळीस वर्षांचा आंकडा त्याहून मोलाचा. रोगाची घटका आणि कागदाची घटका न्यायालयानें पहिल्यांदाच एका मापाची केली.

मुंबईंत यानंतर जें घडलें तें शवगृहांत घडलें नाहीं, जिवंत माणसांच्या तपासणींत घडलें. शीवच्या महापालिका रुग्णालयांतील डॉ. मुरलीधर आणि कामगारांच्या आरोग्यासाठीं झटणारे त्यांचे सहकारी यांनीं मुंबईच्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील १८१ कामगार तपासले. २००५ सालीं ही पाहणी प्रसिद्ध झाली. कामाचा पूर्वेतिहास, छातीची तपासणी, श्वासाचें मापन आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नमुन्यांशीं ताडलेला एक्स-रे, एवढ्या साधनांवर पाचांपैकीं एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस असल्याचें निदान झालें. एकाहि फुप्फुसाचा तुकडा काढावा लागला नाहीं.

मग विकृतिशास्त्राची साक्ष हवीच कशाला, असें कोणी विचारील. मेसोथेलिओमाला ती हवीच. तुकडा तपासल्यावांचून त्याचें निदान पक्कें होत नाहीं, आणि अलीकडील रंगपरीक्षांनीं तें पूर्वीपेक्षां पुष्कळ नेमकें झालें आहे. ज्याचा एक्स-रे संदिग्ध आहे अशा मृताच्या विधवेलाहि ती हवी. परंतु ती सक्तीची झाली, तर तीच साक्ष उलटते. आणि या गोष्टीकडे मला विशेष लक्ष वेधावयाचें आहे. १९९७ सालीं हेलसिंकी येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं मापें ठरविलीं. वाळविलेल्या फुप्फुसाच्या एका ग्रॅममध्यें एक हजारावर ॲस्बेस्टॉस-पिंड सांपडले, तर त्या माणसाचा धंद्यांत या धुळीशीं संबंध आला असण्याचा फार संभव. हें माप निळ्या-तपकिरी जातींच्या ॲस्बेस्टॉसला चांगलें लागू पडतें, कारण त्यांचे ताठ तंतु जन्मभर फुप्फुसांत राहतात. आमच्या देशांत मुख्यतः वापरला जातो तो पांढरा, कुरळ्या तंतूंचा क्रिसोटाइल. तो फुप्फुसांत लवकर मोडतो, विरघळतो, निघून जातो. मागें ठेवतो तो व्रण. त्याचे पिंडहि थोडेच बनतात. म्हणून त्याच तज्ज्ञांनीं स्पष्ट लिहून ठेवलें कीं क्रिसोटाइलच्या बाबतींत तंतूंच्या मोजणीपेक्षां माणसाच्या कामाचा इतिहास हा अधिक भरंवशाचा पुरावा होय. एखाद्या वकिलानें पहिला अर्धा नियम वाचून दाखविला आणि दुसरा गिळला, तर काय होईल? ‘पिंड दाखवा’ म्हणून तो विचारील, पिंड नसतील, आणि माझगांवची विधवा हात हालवीत घरीं जाईल. चोर घरांतून निघून गेला, सबब चोरी झालीच नाहीं, असला हा युक्तिवाद. पण शास्त्राच्या भाषेंत मांडला तर तो भारदस्त वाटतो. पिंड सांपडले तर कामगाराचा पक्ष बळकट होतो. न सांपडले तर त्याचा पक्ष पडत नाहीं. हा फरक निकाल देणाऱ्याच्या मनांत घट्ट बसला पाहिजे.

माझगांवच्या उत्तरेस, रे रोडला लागून, दारूखाना नांवाचा किनारा आहे. जुनीं जहाजें तेथें फोडतात. १९४५ सालीं इंग्लंडांत पाण्यांत सोडलेली आणि १९६१ पासून १९९७ पर्यंत आपल्या नौदलांत असलेली ‘विक्रांत’ २०१४ सालीं याच किनाऱ्यावर आली, आणि नोव्हेंबरांत तिच्यावर पहिला घाव पडला. ज्या पिढीच्या वाफेच्या जहाजांत ॲस्बेस्टॉसचें वेष्टन हा बांधणीचा नेहमींचा भाग होता, त्या पिढीची ती नौका. जहाज बांधतांना नळ्या लिंपणारांचीं नांवें निदान हजेरीपटावर असत. फोडणारे बहुतेक उत्तरप्रदेश-बिहारकडून आलेले रोजंदारीचे लोक. काम आहे तोंवर आहेत, संपलें कीं दुसऱ्या किनाऱ्यावर. सर्वोच्च न्यायालयाचा चाळीस वर्षांचा नियम कारखान्यांकरितां घातलेला आहे. त्याच मापानें मोजलें, तर त्या नोव्हेंबरांत दारूखान्यावर कामास लागलेल्या माणसाच्या छातीचा पहिला एक्स-रे आणि तो कोणत्या जहाजावर किती दिवस होता याची नोंद २०५४ सालापर्यंत कोठें तरी सांपडावयास हवी.